कोंबड्यांना देवी आल्या, आता काय करायचं?

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणं झालं. ते व्हायलाच हवं होतं. आता विषय कोंबडीचा आहे म्हटल्याबरोबर मागच्या रांगेतले चार-पाच भाऊ तंबाखू मळत बाहेर निघाले. त्यांना आमची विनंती आहे, थोडा वेळ बसा. घरी गेल्यावर कारभारीण विचारणार आहे की बैठकीत आमच्या कामाचं काय बोलले? तेव्हा सांगायला काही तरी असू द्या.

आपण कापसाचा हिशोब मांडतो, ज्वारीचा मांडतो. बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी, सगळं कागदावर येतं. कोंबडीचा हिशोब मात्र कोणी मांडत नाही. तो आज मांडू. गावरान कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ६० अंडी देते. घरात ८ कोंबड्या असल्या तर ४०० अंडी धरा. त्यातली १०० खुडूक कोंबड्यांखाली ठेवली, तर ३०० खायला आणि विकायला राहिली. त्या १०० अंड्यांतून घारीचं, मुंगसाचं, मांजराचं देणं देऊन २५ पाखरं जरी मोठी झाली, तरी गावरान कोंबड्याचा आजचा भाव तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तो घाला आणि बेरीज करा.

या पैशाला युरिया लागत नाही, फवारणी लागत नाही, सोसायटीच्या दारात उभं राहावं लागत नाही. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि घरात येण्याआधी दुकानदाराच्या उधारीत जातो. अंड्याचा पैसा आठवड्याच्या आठवड्याला येतो, आणि तो बाईच्या हातात येतो. पोराची वही, म्हातारीची गोळी, एसटीचं भाडं, मीठ-मिरची त्यातून होते. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं, तिथे बाईच्या घामाची मोजदाद झाली पाहिजे ही गोष्ट उघडपणे मांडली गेली. परसातली कोंबडी हा त्या घामाचाच एक भाग आहे. म्हणून ती मेली तर ‘कोंबडीच ती, मेली’ असं म्हणून सोडून देता येणार नाही.

आता मुद्द्यावर येऊ. पावसाळा सरता सरता घराघरांतून एक तक्रार सुरू होते. कोंबडीच्या तुऱ्यावर आधी मोहरीएवढे पांढुरके फोड दिसतात. चार दिवसांत ते ज्वारीच्या दाण्याएवढे होतात, पिवळे पडतात, एकमेकांना चिकटतात. मग त्यांच्या काळपट, खडबडीत खपल्या होतात, चामखिळीसारख्या. तुऱ्यावर, चोचीच्या कडेला, चोचीखाली लोंबणाऱ्या लाल कातडीवर, पापण्यांवर, कधी पायावर. जिथे पीस नाही तिथे हा रोग उठून दिसतो. डोळे सुजून मिटतात. कोंबडी कोपऱ्यात बसते, अंडी बंद करते. बायका म्हणतात, कोंबड्यांना देवी आल्या.

नाव बरोबर आहे. पशुवैद्यही या रोगाला कोंबड्यांची देवी असंच म्हणतात. पण नावापाठोपाठ जे येतं ते घातक आहे. देवी आली म्हणजे कोप झाला, औषध करायचं नाही, लिंबाचा पाला बांधायचा, दहीभात उतरवायचा आणि वाट बघायची. आमचं कोणाच्या श्रद्धेशी भांडण नाही. अंबाजोगाईच्या योगेश्वरीला आम्हीही हात जोडतो. पण कोंबडीच्या तुऱ्यावर जो फोड येतो तो विषाणूमुळे येतो. त्यात कोणाचा कोप नाही आणि कोणाचं पाप नाही.

इथे जे साठी-सत्तरीचे आहेत त्यांनी आपला दंड बघावा. देवी टोचल्याचा वण अजून असेल. माणसांच्या देवी याच देशात घरंच्या घरं रिकामी करत होत्या. गावोगाव देवी डॉक्टर फिरला, पोरं धरून धरून टोचली. देवीचा रोगी कळवणाऱ्याला बक्षीस, असं गेरूने भिंतीभिंतीवर लिहिलेलं आपल्यातल्या कित्येकांनी वाचलं आहे. १९७५ साली आपल्या देशातला शेवटचा रोगी सापडला आणि १९८० साली सगळ्या जगातून हा रोग गेल्याचं जाहीर झालं. तो लसीने गेला. जे माणसाच्या बाबतीत झालं ते कोंबडीच्या बाबतीत निदान आपल्या गावापुरतं तरी व्हायला काय हरकत आहे?

दोन गैरसमज आधीच काढून टाकू. पहिला असा की कोंबडीची देवी माणसाला लागते. ती लागत नाही. शाळेतली पोरं कांजिण्यांना इंग्रजीत चिकनपॉक्स म्हणतात, त्यामुळे हा गोंधळ होतो. कांजिण्यांचा आणि कोंबडीचा काही संबंध नाही, तो वेगळ्याच जातीचा विषाणू आहे. दुसरा गैरसमज लम्पीमुळे झाला. २०२२ साली लम्पीने आपली जनावरं नेली, बाजार बंद पडले, ते कोणी विसरलेलं नाही. लम्पीचा विषाणू आणि कोंबडीच्या देवीचा विषाणू एकाच मोठ्या घराण्यातले आहेत हे खरं. शेळीच्या देवीची लस तेव्हा गाई-बैलांना टोचली ती त्याच नात्यामुळे. पण गाईची लम्पी कोंबडीला होत नाही आणि कोंबडीची देवी गाईला होत नाही. चुलत भाऊ असले तरी दोघांचं शेत वेगळं.

हा रोग पसरतो कसा, हे कळलं की अर्धं काम झालं. हा विषाणू धडक्या कातडीतून आत शिरत नाही. त्याला वाट लागते, जखमेची. ती वाट दोन गोष्टी करून देतात. एक, कोंबड्यांची मारामारी. चोच लागली, तुरा फाटला, तिथून रोग शिरला. दुसरी आणि मोठी गोष्ट म्हणजे डास. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात बसल्या की डास तुऱ्यावर बसतात, तिथे पीस नसतं. रोगी कोंबडीला चावलेला डास पुढे कित्येक दिवस चांगल्या कोंबड्यांना रोग टोचत फिरतो. म्हणून हा रोग आपल्याकडे पाऊस आणि डास वाढले की वाढतो. तिसरी गोष्ट खपली. वाळून पडलेल्या खपलीत हा विषाणू महिनोन् महिने जिवंत राहतो. यंदाची खपली खुराड्याच्या मातीत राहिली तर पुढच्या वर्षीच्या तलंगांना तीच पुरते. रोग शरीरात शिरल्यापासून फोड दिसायला साधारण ४ ते १० दिवस लागतात. म्हणजे बाजारातून आणलेली कोंबडी आज चांगली दिसली तरी ती चांगली आहेच असं नाही.

रोगाचे दोन प्रकार आहेत. कातडीवरचा प्रकार कोरडा. त्यात कोंबड्या फार मरत नाहीत. २ ते ४ आठवड्यांत खपल्या गळून पडतात आणि वाचलेल्या कोंबडीला हा रोग सहसा पुन्हा होत नाही. दुसरा प्रकार तोंडातला. चोच उघडून बघा. जिभेवर, टाळूला, घशात पिवळसर पांढरा साका दिसतो, चिकटलेल्या पापुद्र्यासारखा. कोंबडी मान वर करून तोंडाने श्वास घेते, घरघर होते, दाणा गिळता येत नाही. हा प्रकार वाईट. यात बरीच पाखरं दगावतात. म्हणून तुऱ्यावर फोड दिसला की आधी चोच उघडून घसा बघायचा, ही सवय लावून घ्या.

सगळं फोडासारखं दिसणारं देवी नसते. एकाच कोंबड्याच्या तुऱ्यावर जखम असेल आणि बाकीची पाखरं धडधाकट असतील, तर ती झुंजीची खूण असेल. तोंड सुजलं, नाका-डोळ्यांतून घाण वासाचं पाणी येतं, पण फोड नाहीत, तर ती सर्दीची साथ. तोंडात पांढरे ठिपके आहेत पण तुरा स्वच्छ आहे, तर खुराक तपासा. उन्हाळ्यात हिरवं काही मिळत नाही आणि नुसत्या पांढऱ्या ज्वारीवर कोंबडी राहिली तर अ जीवनसत्त्व कमी पडून तोंडात असे ठिपके येतात. शेवग्याचा पाला, घोळ, मेथीच्या काड्या चिरून टाका. हिरवी हगवण, मान वाकडी होणं, पंख लुळे पडणं, भराभर मरणं, ही मानमोडी, म्हणजे राणीखेत. तिची लस वेगळी आहे. आणि तुरा निळा-काळा पडून, डोकं सुजून एका रात्रीत खुराडंच्या खुराडं मेलं, तर हात लावू नका, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २०२१ च्या जानेवारीत शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या आणि तो बर्ड फ्लू निघाला. आपल्या जिल्ह्यातही त्या वेळी मेलेल्या कावळ्यांत तो सापडला. देवी अशी एका रात्रीत मारत नाही. ती एका पाखरावरून दुसऱ्यावर हळूहळू जाते, एका खुराड्यात महिना-दोन महिने रेंगाळते.

आता औषधाचं. सरळ सांगतो, या विषाणूला मारणारं औषध नाही. दुकानदार तुम्हाला माणसाच्या कॅप्सूल देईल, कोणी दुसरं महाग काही देईल. त्याने देवी जात नाही. जखम चिघळली, पू झाला तर त्यावर पशुवैद्य प्रतिजैविक देतील, ते त्यांनाच ठरवू द्या. मग आपल्या हातात काय आहे? पुष्कळ आहे, कारण आपल्याकडच्या बऱ्याचशा कोंबड्या देवीने मरत नाहीत, देवीतल्या भुकेने मरतात. डोळे मिटलेले असतात, दाणा दिसत नाही, पाणी सापडत नाही, बाकीच्या कोंबड्या चोच मारून हाकलतात. चार दिवसांत ती उपाशी मरते आणि आपण म्हणतो देवीने नेली.

म्हणून रोगी कोंबडी पहिल्याच दिवशी वेगळी करा. डालग्याखाली, सावलीत, बाकीच्यांपासून लांब. डालग्यावर जुनी मच्छरदाणी किंवा पातळ लुगडं टाका, म्हणजे डास तिला चावून दुसरीकडे जाणार नाहीत. उकळून कोमट केलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ घालून स्वच्छ कापडाने डोळे दिवसातून दोनदा पुसा. कातडीवरचे फोड पोटॅशियम परमँगनेटच्या, म्हणजे विहिरीत टाकतात त्या लाल औषधाच्या, फिकट गुलाबी पाण्याने पुसा आणि वर आयोडीनचं औषध लावा. डोळ्यात ते जाऊ देऊ नका. हळद-तेल लावलं तर खपली मऊ राहते, तेही चालेल, पण त्याने विषाणू मरतो असं समजू नका. ज्वारीची भरड किंवा शिळी भाकरी ताकात कुस्करून हाताने भरवा. पाणी पाजताना चोच वाटीत टेकवा, घशात ओतू नका, श्वासनळीत जाईल. जखमेवर माशा बसू देऊ नका, अळ्या पडतील. चांगल्या कोंबड्यांना दाणा-पाणी आधी करा, रोगी कोंबडीकडे शेवटी जा आणि मग हात साबणाने धुवा. आपल्याला रोग होणार नाही, पण आपल्या हातांवरून तो पुढच्या खुराड्यात जाईल.

काय करू नका, तेही ऐका. खपली ओढून काढू नका. रक्त येतं, जखम वाढते आणि रोगाचं बी अंगणभर पसरतं. घशातला साका नखाने, काडीने खरवडू नका, तिथे पशुवैद्यच पाहिजेत. राख, रॉकेल, बॅटरीतलं काळं, असलं काही लावू नका. पडलेल्या खपल्या आणि खुराड्यातला जुना पाला-भुसा गोळा करून जाळा. मेलेली कोंबडी उकिरड्यावर फेकू नका, कुत्री ती गावभर नेतात. खड्डा करून चुना टाकून पुरा.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. रोगी कोंबडी बाजाराला नेऊ नका. हे बोलताना आमची मान खाली जाते, कारण हे आपण सगळ्यांनी केलं आहे, आम्हीही केलं आहे. तुऱ्यावर दोन फोड दिसले की आपण म्हणतो, मरायच्या आत शंभर-दोनशे रुपये येऊ द्या. पाय बांधून पिशवीत घालून बाजार गाठतो. व्यापारी भाव पाडून घेतो, संध्याकाळपर्यंत ती दुसऱ्या गावच्या बाईला विकतो. तिच्या खुराड्यातल्या दहा कोंबड्या जातात. पुढच्या वर्षी तिची पाखरं आपल्या गावात येतात आणि आपल्या दहा जातात. व्यापाऱ्याचं काही गेलं नाही. शेतकऱ्याच्या बाईने शेतकऱ्याच्या बाईला लुटलं. कापसाच्या मापात काटा मारणाऱ्याला आपण जाब विचारतो, तर हाही एक काटाच आहे.

आता खरा उपाय, लस. कोंबडीच्या देवीची लस आहे आणि ती चांगली आहे. पुण्याला औंध इथे राज्य शासनाची लस तयार करणारी संस्था १९४७ पासून आहे. पिल्लू ६ ते ८ आठवड्यांचं झालं की पंखाच्या पातळ पडद्याला, दुहेरी टोकाच्या सुईने, शीर चुकवून ही लस टोचतात. सात ते दहा दिवसांनी टोचलेल्या जागी गाठ आणि बारीक खपली दिसली पाहिजे. दिसली तर लस लागली. माणसाच्या देवीचा वण असाच बघत असत. गाठ दिसली नाही तर लस उन्हात खराब झाली होती किंवा टोचणं चुकलं, पुन्हा टोचून घ्या. गावात साथ सुरू झाली असेल आणि थोडीच पाखरं आजारी असतील, तर उरलेल्या चांगल्या पाखरांना ताबडतोब टोचा. फोड आलेल्यांना टोचून उपयोग नाही. राणीखेतची लस वेगळी, ती वेगळ्या दिवशी, पशुवैद्य सांगतील त्या अंतराने.

मग एवढी सोपी लस आपल्या परसात का पोहोचत नाही? कारण तिच्या एका बाटलीत शेकडो पाखरांचे डोस असतात, आणि एकदा पाण्यात कालवली की एक-दोन तासांत संपवावी लागते. बर्फात ठेवावी लागते. आठ कोंबड्या असलेली बाई दवाखान्यात गेली तर तिच्यासाठी बाटली कोण फोडणार? मोठ्या पोल्ट्रीवाल्याचं भागतं, कारण त्याच्या एका शेडमध्ये हजारो पाखरं असतात. आपली हजार पाखरं शंभर घरांत विखुरलेली आहेत. हा अडथळा एकीने सुटतो. शंभर घरांनी एकाच दिवशी, एकाच वेळी टोचायचं ठरवलं तर आपणही हजार पाखरांचे मालक.

लम्पीच्या वेळी शासनाने लस फुकट आणि गावात आणून दिली, मेलेल्या जनावराला मदत दिली. गाईला दिलं ते योग्यच झालं. पण कोंबडी देवीने मेली तर पंचनाम्याला कोणी येत नाही, आणि येणारही नाही. म्हणून मदतीची वाट बघण्यापेक्षा लस वेळेवर मागणं आपल्या फायद्याचं आहे.

वेळेचं गणित आपल्या जिल्ह्याला फार महत्त्वाचं आहे. आपल्यातली हजारो कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. संसाराबरोबर डालग्यात चार कोंबड्याही जातात. कारखान्याच्या तळावर आष्टीची, पाटोद्याची, केजची, धारूरची कोपी शेजारी शेजारी पडते. साचलेलं पाणी, डास आणि दहा गावच्या कोंबड्या एका जागी. तिथे दवाखाना शोधायला कोयता कोण खाली ठेवणार? म्हणून टोळीबरोबर जाणाऱ्या कोंबड्यांना गौरी-गणपतीच्या आसपास टोचून घ्या. अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे मिळतात. गावात राहणाऱ्या पाखरांसाठी चांगली वेळ म्हणजे पावसाळ्याच्या आधीची, डास वाढण्याच्या आधीची.

या बैठकीतून प्रत्येक गावाने पाच कामं घेऊन जायची आहेत.

१. गावातल्या दोन बायांनी घरोघर जाऊन पाखरांची यादी करायची. किती घरं, किती कोंबड्या, दोन महिन्यांच्या आतली पिल्लं किती.

२. ती यादी आणि ग्रामपंचायतीचं पत्र घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जायचं, लसीची मागणी लेखी द्यायची आणि पोच घ्यायची. पोच घेतल्याशिवाय परतायचं नाही. पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा फोन क्रमांक घराघरांत लिहून ठेवायचा.

३. लसीचा दिवस ठरला की दवंडी द्यायची. आदल्या रात्री कोंबड्या कोंडून ठेवायच्या, सकाळी मोकळ्या सोडल्या तर एकही हाती लागत नाही. दहा दिवसांनी त्याच दोन बायांनी पंखाखालची गाठ तपासून यादीवर खूण करायची.

४. परसातलं सांडपाणी, जुने टायर, फुटकी गाडगी रिकामी करायची. खुराडं झाडून, चुना मारून, पऱ्हाट्यांच्या ढिगापासून आणि उकिरड्यापासून लांब ठेवायचं. नवीन आणलेली कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवायची.

५. गावात फोड दिसले तर त्या गावातून महिनाभर एकही कोंबडी बाजारात जाणार नाही, असा ठराव करायचा. ठराव मोडणाऱ्याला दंड नको. त्याच्या घरी जाऊन चार बायांनी समजावून सांगावं, तेवढं पुरतं.

शेवटचं. लस सगळ्या पाखरांना वाचवेल असं आम्ही म्हणत नाही. घार आहे, मुंगूस आहे, मानमोडी आहे. पण देवीने होणारं नुकसान आपल्या हाताने थांबवता येतं. कापसाचा भाव ठरवताना दिल्लीचं आणि परदेशच्या बाजाराचं तोंड बघावं लागतं, तिथली लढाई लांबची आहे. खुराड्याची लढाई आपल्या अंगणातली आहे. ती हरलो तर दोष दुसऱ्या कोणावर टाकता येणार नाही.

पुढच्या बैठकीला येताना गावाची यादी आणा. आणि यादी करणाऱ्या त्या दोन बायांनाही बरोबर आणा. त्यांना पुढच्या रांगेत बसवू.